शेखच्या बंगल्याचा ग्रीक खांब

आखाती युद्धाच्या दिवसांत, सौदीतल्या अल-खोबरला आमच्या घरासमोर एका शेखचा बंगला बांधला जात होता. ग्रीसमधल्या कुठल्याशा जुन्या घराचा फोटो बघून रत्नागिरीचा एक गवंडी त्याचे दर्शनी खांब घडवत होता. म्हशीची पाठ थोपटावी तसा तो खांब थोपटायचा.

एका संध्याकाळी मी बघायला गेलो असताना सायरन वाजला. मी सर्वांत जाड खांबाला मिठी मारली.

गवंडी शांतपणे म्हणाला, "साहेब, सोडा त्याला. आतून पोकळ हाय. छपरानंच त्याला धरून ठेवलाय."

मी बाजूला झालो आणि सायरनला न घाबरलेला तो माणूस हादरला. ओल्या गिलाव्यावर माझ्या शर्टाची पाच बटणं उमटली होती.

फोटो माझ्यापुढे नाचवत तो ओरडला, "बघा, ग्रीकांच्या खांबाला बटणं हायत काय?"