आले गो

मुंबईत नोकरी लागली तेव्हा मी खोलीच्या आधी चढायची जागा शोधायला घेतली. आईला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "आनि र्‍हानार कुटं, भिंतीवर?" म्हणून सांगितलंच नाही.

चढायची जागा म्हणजे बोल्डरिंगची जिम. मोठ्या हॉलमध्ये तिरक्या लाकडी भिंती, त्यांवर रंगीबेरंगी पकडी बसवलेल्या, खाली जाड गाद्या. दोर नाही, पट्टा नाही. एका रंगाच्या पकडी धरून वर जायचं आणि सुटलात तर गादीवर पडायचं. अशा प्रत्येक वाटेला तिथे 'प्रॉब्लेम' म्हणतात. माझा प्रॉब्लेम मात्र भिंतीवर नव्हता. तो केस बारीक कापून, माझ्या मैत्रिणीशेजारी, गादीवर उभा होता.

पण आधी मैत्रिणीबद्दल सांगते. शहापूरजवळ, माहुली गडाच्या पायथ्याच्या अंगाला आमचं गाव. तिचं घर आणि आमचं घर यांच्यात एक कुडाचं कुंपण, तेही आम्ही दोघींनी मधोमध वाकवून ठेवलेलं. गावामागच्या ओहोळात एक मोठा धोंडा आहे, बसलेल्या म्हशीसारखा, म्हणून त्याचं नाव म्हैस. शेळ्या चारायला सोडल्या की आम्ही म्हशीवर चढायचो. पाठीच्या बाजूनं कुणीही चढेल, आम्ही तोंडाच्या बाजूनं चढायचो, जिथे दगड पुढे झुकलेला आहे. भात झोडून झालं की पेंढा गोणीत कोंबून ती गोणी खाली टाकायची. हात घामेजू नयेत म्हणून चुलीतली राख चोळायची. राख आमच्या चुलीतली, हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध आहे.

एकदा ती अर्ध्यात लटकलेली असताना तिच्या आईनं बांधावरून हाक मारली, "गो ये घरी!" हिनं वरूनच ओरडून उत्तर दिलं, "आले गो!" आणि त्याच दमात तिचा हात सुटला. मी खाली होते. दोन्ही हात वर करून तिच्या कमरेला ढकललं आणि ती गोणीवर पडली. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की शेळ्या कुणाच्या तरी वालात शिरल्या, त्याचाही पत्ता लागला नाही.

तेव्हापासून तेच ठरलं. हात सुटायला लागला की "आले गो!" म्हणायचं. वरचीनं खाली बघायचं नाही, खालचीनं वरचीवरून नजर काढायची नाही. एका हिवाळ्यात शहरातून काही मुलंमुली पाठीवर घडीच्या गाद्या घेऊन आली. आम्ही करतो त्याला बोल्डरिंग म्हणतात, हे त्यांच्याकडून कळलं. त्यांचे चढायचे बूट आम्ही आळीपाळीनं घालून बघितले. पण आमची हाक आम्ही त्यांना दिली नाही. कुणी मागितलीही नव्हती म्हणा.

मुंबईला ती माझ्याआधी गेली. फोनवर सांगायची, "तू ये गो, मंग बग कशी भिंत हाय." रविवारी दोन गाड्या बदलून येते, असं मी दर वेळी म्हणायचे. मी शहापुरात एका झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून तिच्या भिंतीचे फोटो बघायचे. सगळे फोटो वर चढतानाचे असायचे. खाली कोण उभं आहे ते कधी दिसायचं नाही, आणि मला तेवढंच बघायचं असायचं.

शेवटी मलाही अंधेरीत काम मिळालं आणि मी जिम बघत हिंडले. पहिली एका मॉलच्या वरच्या मजल्यावर होती. तिथे चढणार्‍यांपेक्षा फोटो काढणारे जास्त, आणि सगळीकडे अत्तराचा वास. अत्तराच्या वासात माझी बोटं चालत नाहीत. दुसरी माझ्या ऑफिसपासून चालत जाण्यासारखी, एका कारखान्याच्या गाळ्यात. भिंती बुटक्या, गाद्या दबलेल्या, पकडी साबणासारख्या गुळगुळीत झालेल्या. काउंटरवर एक काका पेपर वाचत बसलेले. तिसरी तिची, परळच्या बाजूला.

खरं सांगते, तिचीच चांगली होती. छत उंच, भिंतीला छान झुकाव, पकडी खरखरीत, वाटा दर थोड्या दिवसांनी बदललेल्या. मी दारात उभी राहून वर बघितलं आणि माझ्या तळहातांना आपोआप घाम आला.

ती धावत आली, गळ्यात पडली. मग वळून सगळ्यांना म्हणाली, "ये मेरी गाववाली है."

गाववाली! गाववाला म्हणजे एस.टी. स्टँडवर भेटतो तो. शहापूर, मुरबाड, किन्हवली, कुठलाही चालतो. मी बूट बांधत बसले.

"अच्छा, तो तुम लोग सच में राख लगाते थे?" बारीक केसांची एक मुलगी मला विचारायला लागली. तिचे डोळे चमकत होते. राखेची गोष्ट इथे सगळ्यांना पाठ होती. गोष्टीत राख होती, म्हैस होती, गोणी होती, शेळ्यासुद्धा होत्या. मी होते की नाही ते विचारायचा धीर झाला नाही. "राख आमच्या चुलीतली होती," मी मराठीत म्हटलं. तिला कळलं नाही, पण ती गोड हसली. चांगली मुलगी होती. त्याचाच मला जास्त राग आला.

मग ती भिंतीवर गेली. चढत होती सुंदर, यात वाद नाही. खाली माझी मैत्रीण हात वर करून उभी. खाली वीतभर जाडीची गादी असताना हात कशाला लागतात, हे मला कुणी सांगावं. वरच्या पिवळ्या पकडीपाशी त्या मुलीची बोटं सुटायला लागली आणि ती ओरडली,

"आलेगो!"

एकच शब्द असल्यासारखा, एखाद्या पदार्थाचं नाव घ्यावं तसा. ती गादीवर पडली. कोपर्‍यातून अजून दोघं-तिघं हौसेनं ओरडले, "आलेगो!" सगळे हसले. माझी मैत्रीण सगळ्यांत जास्त हसली.

मी मत्सरी आहे हे मला लहानपणापासून माहीत आहे. तिच्या घरी पाहुणी आलेली मामेबहीणसुद्धा मला खपायची नाही. पण हे त्यातलं नव्हतं. मामेबहीण निदान सुट्टी संपली की जायची.

"ह्यांना कोनी शिकवला ह्या?" मी तिला विचारलं.

"मीच. मजा येते त्यांना."

"अर्थ सांगितलास?"

"अर्थ काय त्यात? पडताना बोलायचा." तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "काय झाला गो?"

"काय नाय. लांब पडते ही जिम मला."

"लांब? शापूरवरना दोन गाड्या बदलून येनार होतीस तेवा लांब नव्हती पडत?"

मी बूट काढले, पिशवी उचलली आणि दुसर्‍या दिवशी ऑफिसजवळच्या गाळ्यात, पेपरवाल्या काकांकडे नाव घातलं. बुटक्या भिंती तर बुटक्या भिंती. तिथे राखेची गोष्ट कुणाला माहीत नव्हती, आणि मी ती सांगणार नव्हते.

संध्याकाळी ऑफिस सुटलं की जायचे. मोजकीच माणसं यायची, कानात वायरी घालून आपापलं चढायची. कुणी कुणाच्या खाली उभं राहत नसे. मला बरं वाटायचं. बरं वाटतंय असं मी स्वतःला सांगायचे तरी.

एक दिवस निळी वाट जमत आली होती. शेवटची पकड हाताशी आली आणि डावा पाय निसटला. मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून मोठ्यांदा निघालं,

"आले गो!"

गादीवर पडले आणि मान वर केली तर सगळी जिम दाराकडे बघत होती. काकांनी पेपर खाली ठेवला होता, चष्मा सावरून तेही दाराकडेच. "कोण आले?" त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं मालक आले. एका मुलानं घाईघाईनं टेबलावरचे पाय खाली घेतले.

दारात कुणीच नव्हतं.

मला हसू आलं, आणि हसण्यासारखं काय झालंय हे जिला कळेल ती एकच बाई या शहरात होती, तीही परळला. खोलीवर गेल्यावर राहवेना, फोन लावला. ती हसून हसून खोकायला लागली. "मालक आले!" पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मागून कुणीतरी हिंदीत विचारलं, काय झालं, मलाही सांग. तिनं सांगितलं नाही. निदान मी ऐकत होते तोवर तरी नाही.

मग हसू ओसरलं. "मंग?" ती म्हणाली. "आला का कोन?"

"नाय."

"तुजी जिम लय लांब हाय गो मला," ती म्हणाली. मी म्हटलं, हो, आहेच लांब. आणि आम्ही दुसर्‍या विषयावर बोललो, तिच्या आईच्या गुडघ्यावर, गावातल्या लग्नावर.

गाळ्यात आता तो विनोद होऊन बसलाय. मी पडले की काका पेपरातून डोकं न काढता विचारतात, "कोण आले?" बाकीचेही कानातल्या वायरी काढून मजेनं दाराकडे वळतात.

मीही वळते. त्यांच्यासारखी मजेनं नाही.