गुंडूची पंगत

मनकर्णाबाईंनी तीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून खिचडी वाढली, आणि त्या तीस वर्षांत त्यांच्या पंगतीतल्या एकाही पोरानं दुसऱ्याच्या ताटात हात घातला नाही. हे त्या स्वतःच सांगतात, त्यामुळं थोडं सोडून द्यायचं. पण बाईंचा दरारा होता हे खरं. निवृत्त झाल्यावर मात्र पंचाईत झाली. मुलगा धम्मदीप आणि सून संघप्रिया कामावर गेली की सोलापुरातल्या त्या भाड्याच्या दोन खोल्यांत दरारा दाखवायचा कुणाला? खिचडीची अकराची वेळ झाली की त्यांना करमेनासं व्हायचं.

मग संघप्रियानं गुंडूला आणलं. पांढरं, झुबकेदार पॉमेरियन, उशीएवढं. लाडानं त्याचं पार वाटोळं झालं. धम्मदीप चहातलं बिस्किट द्यायचा, संघप्रिया पोळीचा तुकडा, आणि बाई त्या दोघांना रागावून झाल्यावर स्वतः दूध-भाकरी. गुंडू दिवसभर खायचा आणि तरीही जो जेवायला बसेल त्याच्या मांडीवर चढायचा. एके दिवशी तो जिना उतरून खाली गेला आणि घरमालकीण शरणम्मा यांच्या ताटातली पुरणाची पोळी तोंडात धरून वर आला.

शरणम्मा मागोमाग आल्या. उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच म्हणाल्या, “मनकर्णाबाई, आठ दिस देते. वळण लावा, न्हाय तर कुत्रं हितं दिसायचं न्हाय.”

संघप्रियाचे डोळे भरले. अकरा वाजता बाईंची वाट बघणारं जगात आता हेच एक उरलं होतं. पण तोंडानं त्या म्हणाल्या, “आठ दिस लई झाले की. मी पन्नास-पन्नास पोरं बसवलीत, ह्यो तर एकच हाय.”

दुसऱ्या दिवसापासून अंगणवाडी भरली. सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, दोनच वेळा खाणं. बिनमिठाचा भात, उकडलेलं अंडं, भोपळ्याची फोड. मधे कुणी काही द्यायचं नाही. धम्मदीपच्या खिशातली बिस्किटं जप्त झाली. सगळ्यांनी एकत्र जेवायला बसायचं, ओळीत शेवटी गुंडू. सगळ्यांना वाढून झालं की बाई पातेल्यावर पळी वाजवून “खा” म्हणणार, मगच तोंड लावायचं. बाई परीक्षाही घ्यायच्या. मुद्दाम संघप्रियाला ताट द्यायचं नाही आणि पळी वाजवायची. गुंडूनं तोंड घातलं की त्याची ताटली वर. अंगणवाडीचा कायदाच होता तसा, एकाला जरी वाढायचं राहिलं तरी कुणी घास घ्यायचा नाही.

चार दिवस गुंडू रडला, दोन दिवस रुसला, सातव्या दिवशी पास झाला.

आठव्या संध्याकाळी शरणम्मा तपासणीला आल्या. आज पहिल्यांदाच आत आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. ताटं वाढली. बाईंनी झोकात पळी वाजवली. “खा.”

गुंडू हलला नाही. लाळ गळत होती, पण तो शरणम्मांच्या रिकाम्या हातांकडं बघत होता.

“खा की रं.” तरी नाही.

“आजारी हाय का?” शरणम्मांनी विचारलं.

बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. चार वर्षं एका छपराखाली राहून शरणम्मांनी यांच्याकडं पाण्याचा घोटही घेतला नव्हता. कधी उपास असायचा, कधी आत्ताच जेवण झालेलं असायचं. खरं कारण दोघींना ठाऊक होतं, जातीचं होतं, आणि दोघीही ते बोलत नव्हत्या. बाईंनी आग्रह करणं केव्हाच सोडलं होतं, कारण प्रत्येक नकार जिव्हारी लागायचा. आता कुत्र्यापायी तो पुन्हा ऐकायचा?

“आजारी न्हाय, अक्का,” त्या शेवटी म्हणाल्या. “तुमाला वाढलं न्हाय म्हणून थांबलाय. मीच तसं शिकवलंय त्याला.”

शरणम्मांनी एकदा दाराकडं पाहिलं, एकदा गुंडूकडं. मग पदर सावरून त्या संघप्रियाच्या शेजारी खाली बसल्या.

बाईंनी भाकरी, पिठलं आणि शेंगाचटणी वाढली. पळी वाजली तशी गुंडूनं ताटलीत तोंड घातलं, आणि शरणम्मांनी भाकरीचा तुकडा मोडला.

“वळण लागलंय की त्याला,” घास गिळून त्या म्हणाल्या. “मलाच जरा उशीर लागला.” आणि त्यांनी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.