दोन वर्षांच्या पाळ्या आणि एक दिगंबर

ज्या मंडळाकडं ढाली असतात त्यांच्याकडं किस्से नसतात. त्यांना गरजच पडत नाही, ढाल दाखवली की काम झालं! आमच्या बेंबळीच्या खो-खो मंडळाचं कपाट रिकामं, म्हणून किस्से मात्र ढीगभर. माझं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान स्टँडसमोर आहे. संध्याकाळी मैदानावरून सुटलेली मंडळी तिथं टेकतात. एकजण सुरू करतो, दुसरा भर घालतो, सगळे हसतात आणि मग एकदम गप्प होतात. हे गप्प होणं अलीकडचं. पूर्वी आम्ही नुसतंच हसायचो.

मी मंडळाचा मॅनेजर. म्हणजे पाण्याचे जार भरणारा, फक्की आणून मैदानाच्या रेघा मारणारा आणि हरल्यावर सगळ्यात आधी शिव्या खाणारा माणूस. आमचे कोच आबा. शाळेत पीटीचे मास्तर होते, रिटायर झाल्यावर मैदान हेच त्यांचं घर झालं. दगड वेचून वेचून ते मैदान त्यांनीच केलेलं. त्यांची इच्छा एकच होती. नातू ओंकार आपल्या मंडळाच्या निळ्या बनियनमध्ये पळताना बघायचा. ढाल मिळाली तर बरंच, नाही मिळाली तरी चालेल. पण नातू निळ्यात पाहिजे.

*

आमच्या लीगची एक रीत आहे. दर उन्हाळ्यात दहावी झालेली पोरं धाराशिवच्या मैदानावर जमतात आणि सगळी मंडळं पाळीपाळीनं एकेक पोरगं उचलतात. जो तळाला असेल त्याची पाळी पहिली, जो वर असेल त्याची शेवटी. तुमच्या गावचं पोरगं तुम्हालाच मिळेल असं काही नाही. ज्यानं उचललं त्याचं!

आम्ही कायम खालून दुसरे. ह्या नंबरावर दुसऱ्या कोणी कधी हक्कच सांगितला नाही.

निवडीच्या वेळी बाकीचे कोच पोरांना पळवून बघायचे. आबा त्यांना ओळीत नुसतं बसवायचे. "पळनारं पोरगं कुनाला बी दिसतंय. बसनारं बघा. खो-खोत बसता आलं पायजे!"

एका साली एक पोरगं असं बसलं, असं बसलं, की हू नाही की चू नाही. आबा खूश. "याला म्हनत्यात बैठक! हाच आपला." पाळी आल्याबरोबर त्यांनी त्याला उचललं. मी खांद्याला हात लावून "ऊठ रे" म्हणालो, तर पोरगं आडवंच झालं. बसल्या बसल्या झोपलं होतं!

सगळं मैदान हसलं. पण तोच विष्णू पुढं आमचा सगळ्यात भारी गडी झाला. पळणाऱ्याला रेटत रेटत खांबापर्यंत न्यावं तर विष्णूनंच. आबांची नजर खोटी नव्हती, एवढंच सांगायचं होतं.

*

मग आले येडशी मंडळाचे अध्यक्ष बाळासाहेब. त्यांची आडत आहे, त्यामुळं माल कधी काढायचा हे त्यांना बरोबर कळतं. त्यांच्याकडं दिगंबर होता. खांबावर सूर मारून गडी बाद करण्यात अख्ख्या जिल्ह्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नुसता उठला तरी पळणाऱ्यांची पाचावर धारण बसायची.

"दिगंबर तुम्हाला देतो," बाळासाहेब आबांच्या ओट्यावर चहा पीत म्हणाले. "बदल्यात पुढच्या दोन सालच्या तुमच्या सगळ्या पाळ्या आमच्या."

म्हणजे दोन वर्षं आम्ही एकही नवं पोरगं उचलायचं नाही. मी आबांना आत बोलावून म्हणालो, जरा विचार करा. आबांनी विचार आधीच केला होता. "आरं संजू, दिगंबर आला की आपण वर जानार. वर गेलो की आपली पाळी शेवटी. शेवटच्या पाळीला गाळ ऱ्हातो. म्हंजी आपण दिलं काय? गाळ! आन ओंक्याची दहावी व्हायला तीन सालं हाईत. तोवर पाळ्या आपल्या आपल्याला माघारी."

हिशोब इतका चोख होता की मीही मान डोलावली. आडवं बोलल्या त्या फक्त आबांच्या घरच्या, आमच्या काकू. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "वासरं देऊन बैल आणताय व्हय? आणा की. पर बैल कवा वासरू देत न्हाय!"

आम्ही खूप हसलो. आबाही हसले, आणि बाहेर जाऊन शब्द देऊन आले.

*

दिगंबर मोटारसायकलवर आला. दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता, अंगानं पोलादी, बोलायला अगदी गोगलगाय. गावानं हार घातले. पहिल्याच दिवशी सगळे ओरडायला लागले, सूर दाखवा, सूर दाखवा! त्यानं चार पावलं घेतली, सूर मारला, खांबाला हात घातला आणि खांब उपटून हातात!

आबा खांबाकडं बघत राहिले. "गडी तर आणला. आता त्याला पेलंल असा खांब कुठून आणायचा?"

त्या खड्ड्यात मी दुसऱ्या दिवशी सिमेंट ओतलं. मंडळाच्या इतिहासातलं हे एकमेव पक्कं बांधकाम.

*

ते पहिलं साल आमचं सोन्याचं. समोरच्यांनी लगेच ओळखलं, की दिगंबर ज्या खांबाजवळ बसतो तिकडं फिरकायचंच नाही. पण विष्णू त्यांना रेटत आणायचा, पाठीवर थाप मारून "खो!" म्हणायचा आणि पुढं दिगंबर होताच. आम्ही दुसरे आलो. वरून दुसरे! मी तीनदा विचारून खात्री केली.

त्यामुळं त्या उन्हाळ्यात आमची पाळी आली अगदी शेवटी शेवटी. त्या पाळीवर बाळासाहेबांच्या वाट्याला जे पोरगं आलं ते महिनाभरात पोलीस भरतीच्या तयारीला निघून गेलं. आबांनी पेढे आणले आणि स्टँडवर ड्रायव्हर-कंडक्टरलासुद्धा वाटले.

काकूंनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "अजून एक साल बाकी हाय."

त्याच महिन्यात विष्णूला पुण्याच्या कंपनीत काम लागलं. जाताना सगळ्यांच्या पाया पडून गेला. त्याच्या जागी नवं कोणी घ्यायचं तर पाळी कुठं होती आमच्याकडं?

*

दुसऱ्या सालची गोष्ट सांगायला मला अजून जड जातं, पण लोक नेमकी हीच मागतात. श्रावणातला सोमवार होता. दिगंबर बायको-पोरांना घेऊन रामलिंगला दर्शनाला गेला. तिथली माकडं तुम्हाला माहीतच आहेत. एकानं त्याच्या पोरीच्या हातातली प्रसादाची पिशवी हिसकावली. पोरगी रडायला लागली. दिगंबर पळाला. माकडानं देवळाच्या खांबाला वळसा घातला. आता खांबाला वळसा घालून कोणी पळतंय म्हटल्यावर दिगंबर काय करणार? त्यानं सूर मारला!

फरशी ओली होती. गुडघा गेला.

दवाखान्यात आबा त्याच्या उशाशी बसले. तो तोंड झाकून म्हणाला, "आबा, माझा सूर कवा हुकला न्हाय ओ."

आबा म्हणाले, "हुकतोय रे. फकस्त तुझा आज हुकला." बाहेर आल्यावर मात्र ते पायरीवर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

*

त्या साली मैदानात उतरायला नऊ गडी पुरे होईनात. विष्णू नाही, दिगंबर नाही, नवी पोरं नाहीत. शेवटी एका मॅचला आबांनी मला बसवलं. माझं पोट बघून पंचांनी विचारलं, "हे खेळाडू हाईत का प्रायोजक?"

पाठीवर थाप पडली. "खो!" मी उठायला गेलो. एक हात जमिनीवर टेकला, मग दुसरा टेकला. उभा राहून बघतो तर पळणारा लांब उभा राहून माझी वाट बघत होता. "काका, सावकाश," म्हणाला.

आम्ही तळाला गेलो. खालून दुसरा नंबरही गेला. आणि आमच्या लीगमध्ये दोन सालं लागोपाठ तळाला राहिलं की मंडळ बाहेर. हे मला माहीत होतं, आबांनाही माहीत होतं.

*

त्या उन्हाळ्यात धाराशिवला निवडीला गेलो ते नुसतं बघायला. आम्हाला उचलायचं काहीच नव्हतं. ओंकार नुकताच नववी पास झालेला, तोही आबांबरोबर आला.

निवडीच्या आधी मीटिंग झाली. सगळ्या मंडळांची एकच रड होती. दहावी झाली की पोरं शिकायला लातूरला जातात, मैदानावर राहत नाहीत. कोणीतरी सुचवलं, औंदापासून नववी झालेली पोरंही घेऊ. कोणाकोणाला मान्य? हात वर झाले. सगळ्यात आधी आबांचा.

हात वर करताना आबा मास्तर होते. आजोबा असते तर तो हात खिशातून निघाला नसता.

तळाला आम्ही, म्हणून पहिली पाळी आमची. आमची पाळी म्हणजे बाळासाहेबांची. ते उठले, मैदानावर एक नजर फिरवली आणि म्हणाले, "ओंकार. बेंबळी."

आबांचा वर केलेला हात जणू अजून पुरता खाली आला नव्हता. पोरगं आजोबांच्या तोंडाकडं बघायला लागलं. मला तर वाटलं, आपण आता ह्या माणसाची गचांडीच धरावी.

बाळासाहेबही वरमले. जवळ येऊन हळूच म्हणाले, "आबा, तुमची ना आसंल तर म्या दुसरं पोरगं घेतो. काय बी वाईट वाटणार न्हाय."

आबांनी मान हलवली. "शब्द दिलाय. न्या त्याला." मग म्हणाले, "फकस्त त्याला लई थंड पाणी पिऊ देऊ नका. खोकतंय."

परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. घरी काकूंनी सगळं ऐकून घेतलं. बैलाचं बोलतील म्हणून मी दाराशीच थांबलो होतो. त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

*

येडशीनं ओंकारला लाल बनियन दिलं. ते काकू धुवायच्या आणि मागल्या दारी वाळत घालायच्या, आबांना दिसू नये म्हणून. आबा मागल्या दारानं ये-जा करायला लागले.

*

आता शेवटची. ही दुकानात कोणी आपणहून काढत नाही.

यंदाच्या लीगची आमची शेवटची मॅच येडशीबरोबर, आणि तीही आमच्याच मैदानावर. हरलो तर पुन्हा तळाला, म्हणजे मंडळ लीगच्या बाहेर. जिंकलो तर जीव वाचला. सकाळी रेघा मी मारणार होतो, पण आबांनी फक्कीची पिशवी माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच मारल्या. दिगंबर गुडघ्याला पट्टा बांधून आला. डॉक्टरनं नको म्हटलं होतं.

मॅच अशी रंगली की स्टँडवरच्या रिक्षावाल्यांनी शिटं सोडून दिली. शेवटचा डाव. आम्ही बसलेलो, येडशी पळतेय. फक्त एक गडी बाद झाला की आम्ही जिंकलो. वेळ संपत आलेली, आणि मैदानात शेवटचा उरलेला गडी कोण? ओंकार!

आमच्या पोरांनी कसंबसं त्याला खांबाकडं रेटलं. दिगंबरला खो मिळाला. तो उठला. त्यानं तोच जुना सूर मारला. ओंकार खांबाआडून वाकून निसटला. असं वाकायला पहिल्या साली दिगंबरनंच त्याला शिकवलं होतं. दिगंबर पालथा पडला, गुडघा धरला आणि असा ओरडला की माझ्या हातातला जार सुटला.

ओंकार थांबला. मागं वळला. "दिगूकाका!" म्हणत दोन पावलं परत आला. पंचांची शिट्टी झालेली नव्हती. मॅच चालूच होती. दिगंबरनं पडल्या पडल्या मान वर केली, समोर ओंकारचा पाय दिसला, आणि त्यानं हात लांब केला.

आमच्या बाकावरून आबा उठले. उभ्या आयुष्यात त्यांना मैदानावर ओरडताना मी ऐकलं नव्हतं.

"ओंक्या! थांबू नको! पळ!"

पोरगं दचकून उडी मारून पळालं. दिगंबरचा हात फक्कीच्या रेघेवर पडला. लांब शिट्टी झाली, वेळ संपली. आम्ही पुन्हा तळाला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, येडशीवाल्यांनीसुद्धा नाही. दिगंबरला उचलून टेम्पोत घातलं. लोक पांगले. आबा खाली बसून उरलेली फक्की पिशवीत भरत होते. बाळासाहेब ओंकारला हाताला धरून घेऊन आले. त्यांचे डोळे भरलेले होते, हे मला कबूल करावंच लागेल.

"आबा, लई झालं," ते म्हणाले. "माझ्याच्यानं आता बगवत न्हाय. पोरगं तुमचं हाय, तुम्हाला माघारी दिलं. पुढच्या साली तुमच्या मंडळाकडनं पळू द्या त्याला."

आबांनी पिशवीचं तोंड बांधलं. हात झटकले. मग वर बघून अगदी साध्या आवाजात विचारलं, "कुनाकडनं?"