दगडांचे पेशकार

निजामाच्या साऱ्या मुलुखात दगडाशी अदबीनं वागणारा माणूस एकच होता, आणि तो आमच्या शेजारी राहत होता. कागदावर उस्मानाबाद आणि बोलण्यात धाराशिव असलेल्या आमच्या गावच्या कोर्टात ते पेशकार होते. न्यायाधीशापुढं एकेक प्रकरण मांडायचं, हे त्यांचं काम. काळी शेरवानी, कमरेला पट्टा, डोक्याला लाल तुर्की टोपी अशा थाटात ते इतके ताठ बसत की नवखे पक्षकार आधी त्यांनाच सलाम करीत. शुक्रवारी कचेरीला सुट्टी. त्या सकाळी मात्र ते गावाबाहेरच्या राखीव रानातल्या घळीत जात, शेरवानी-टोपी माझ्या हाती देत, विजार गुडघ्यापर्यंत दुमडत आणि अनवाणी पायांनी मोठमोठ्या धोंड्यांवर पालीसारखे चढू लागत. वर देव नव्हता, मध नव्हता, हरवलेली शेळीही नव्हती. "मग चढायचं कशाला?" असं मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा वकीलपत्राशिवाय बोलायला उठलेल्या माणसाकडं बघावं तसं माझ्याकडं बघत ते म्हणाले, "मास्तर, वर जायला जागा हाय म्हणून."

प्रत्येक धोंडा हा त्यांच्या लेखी मुकदमा होता. माथा गाठला की निकाल लागला, घसरले की तारीख पडली. तारखा बऱ्याच पडत, म्हणून खाली त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या काकूंची, जाड वाकळ अंथरलेली असे आणि ते वर सरकतील तशी ती त्यांच्याखाली सरकवत राहणं ही माझी नोकरी. जंगलाचे पहारेकरी खाँसाहेब एकदा ओरडत धावून आले, "पेशकारसाब, ये सरकारी जंगल है!" पेशकार वरूनच म्हणाले, "लाकूड तोडलं का? शेळी चारली का? दगडावर चढू नये असं कलम दाखवा, आत्ता उतरतो." पुढच्या शुक्रवारी खाँसाहेब कलमाऐवजी पानाची चंची घेऊन आले आणि माझ्या शेजारी बसून "बायाँ पाँव, साब, बायाँ!" असं मार्गदर्शन करू लागले.

फक्त एक धोंडा दाद देत नव्हता. घळीच्या तोंडाशी तो पुढं झुकून उभा होता. पेशकारांनी त्याचं नाव 'अपील' ठेवलं होतं. वर्षानुवर्षं ते त्याच्या पुढं आलेल्या ओठाखालून वाकळीवर येऊन पडत. आणि एके दिवशी हुकूम निघाला : जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांच्या शिकारीसाठी घळीला तारेचं कुंपण, येत्या शुक्रवारनंतर कुणालाही मज्जाव. पेशकारांचं जेवण सुटलं. काकू करवादल्या, "दगडाचं सुतक धरलंय जणू! जावा, चढून या एकदाचं. न्हाय तर जन्मभर माझ्याच डोक्यावर चढून बसाल." वाकळ त्यांनीच माझ्या खांद्यावर टाकली.

त्या शुक्रवारी पेशकार ओठाशी पोचले, आणि त्याच क्षणी जागेची पाहणी करायला खुद्द साहेब लवाजम्यासह घळीत शिरले. खाँसाहेब कमरेत वाकले. मीही वाकलो. पेशकार वाकणार कुठं? वरिष्ठांसमोर बोडक्या डोक्यानं, आणि तेही वरिष्ठांच्या वर! "हुजूर, माफी असावी!" दगडाला चिकटल्या चिकटल्या ते ओरडले. "टोपी खाली आहे!"

साहेबांनी मान वर केली. "पहले ऊपर तो पहुँचिए," ते म्हणाले.

हुकूमच तो. पेशकारांनी दात-ओठ खाल्ले, उजवा हात दगडाच्या ओठावर टाकला, कोपर टेकवलं आणि अंग वर ओढून घेतलं. अपील निकाली निघालं! खाँसाहेब सलाम विसरून टाळ्या वाजवू लागले. पेशकार माथ्यावर उभे राहिले, वाकून वाकून सलाम केले आणि साहेबांना पाठ दिसू नये म्हणून, दरबारी रिवाजाप्रमाणं, एकेक पाऊल मागं सरकू लागले. माथा लहान होता. तिसऱ्या सलामानंतर पेशकार दिसेनासे झाले. मागल्या बाजूच्या बोरीतून आवाज आला, "इजाजत, हुजूर!"

साहेब पोट धरून हसले, आणि कुंपण ठरल्या दिवशी घातलं. सत्तेला विनोद कळतो, हुकूम फिरवण्याइतका कळत नाही. पेशकार पुढं किती तरी दिवस अंगातले काटे काढत होते आणि तितकेच दिवस गल्लीभर हसत फिरत होते.

निजामी गेली तसं कुंपणही गेलं. तोवर पेशकारांचे गुडघे गेले होते. एका दुपारी माझ्या खांद्याचा आधार घेत ते घळीत आले, 'अपील'वर तळवा ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, आज तुम्ही चढा."

मी चपला काढल्या. दगड उन्हानं उबदार झाला होता. धापा टाकत जेमतेम कमरेइतका वर गेलो असेन.

"वर जायला जागा दिसतेय का?" त्यांनी खालून विचारलं.

नाकासमोर काळ्या दगडाखेरीज काही नव्हतं.

"दिसतेय," मी म्हणालो.