दसऱ्याला पुजलेला रोबोट

साल २०२३. मला बहात्तरावं चालू होतं. शाळा चौथीत सुटली ती सुटलीच, पण बागेतला ट्रॅक्टर, फवारणीचा ब्लोअर, विहिरीवरची मोटर, यांतल्या एकानंही माझं ऐकलं नाही असं कधी झालं नाही. लोखंडाला मी भीत नाही. हे आधी सांगून ठेवतो, कारण त्या दसऱ्याला मी भ्यालो.

माझी सून दिंडोरीकडच्या एका खेड्यात शाळेवर शिक्षिका. तिच्या शाळेला एक रोबोट मिळाला होता. जेवणाच्या डब्याएवढा, खाली चार चाकं, पोटात बॅटरी, वर उघडी हिरवी पट्टी, तिच्यावर तारा न् पिना. सातवीच्या पोरांनी तो जोडला होता. त्यातली निम्मी पोरं सुरगाण्याकडून द्राक्षछाटणीला आलेल्या मजुरांची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब बघायला येणार होते. रोबोट चालला तर शाळेत राहणार, नाही तर दुसऱ्या शाळेला जाणार. म्हणून तपासायला सुनेनं तो घरी आणला.

दसऱ्याला आमच्यात हत्यारं पुजतात. सकाळी मी ओट्यावर छाटणीच्या कात्र्या, नट-बोल्टचे पाने, मोटरचा स्टार्टर मांडला. सुनेनं लॅपटॉप न् रोबोटही आणून ठेवला. म्हणाली, "नाना, याच्यावर नुसतं फूल वाहा हं."

नुसत्या फुलानं पूजा होते होय? ती आत गेल्यावर मी कुंकू पाण्यात कालवलं. पण याचं कपाळ कुठं ते कळेना. पट्टीवर दोन बारके दिवे होते, डोळ्यांसारखे. त्यांच्या कडेला दोन पिना जवळजवळ उभ्या होत्या. तिथं बोट लावलं, भरपूर लावलं, वर झेंडू ठेवला आणि हात जोडले.

जेवणं झाल्यावर सुनेनं तार जोडली. लॅपटॉपमधून एक अक्षर तारेनं जातं. ते मिळालं की रोबोट तसा वळतो, आणि वळलो हे कळवायला तेच अक्षर माघारी पाठवतो. एवढं तिनं मला मागंच समजावलं होतं. पण त्या दुपारी पडद्यावर भलतंच उमटायला लागलं. चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, मधेच एखादं बरं अक्षर. ओळीमागून ओळ, कोणी बोट न लावता.

माझी बायको पदराला हात पुसत येऊन वाकली. "कानडी हाय का गं?"

"आई, हे कोणत्याच भाषेतलं नाही. दोघांचा वेग जुळत नसेल. एक भरभर बोलतो, दुसरा सावकाश ऐकतो, मग असा काला होतो."

तिनं वेग तपासला. दोन्हीकडं सारखाच. लॅपटॉपवर दुसरं काही ती तार अडवून बसलंय का बघितलं, तसंही काही नव्हतं. तार बदलली. पहिली बदललेली तार नुसती मोबाइल चार्ज करायची निघाली, तिच्यातून बोलणं जातच नाही म्हणे. दुसरी लावून डावीकडं वळायचं अक्षर पाठवलं. तेच. शेवटी वैतागून तिनं तार उपटली आणि लॅपटॉप मिटला.

तार ओट्यावर पडलेली. आणि रोबोट डावीकडं वळला. थांबला. पुन्हा डावीकडं वळला.

 ओट्याखाली बसलेलं आमचं कुत्रं भुंकलं असतं तर बरं वाटलं असतं. ते नुसतं बघत होतं, आणि त्याची मान रोबोटबरोबर फिरत होती.

"तिठ्यावरून आणलंस का काय याला?" बायको म्हणाली.

"स्कूटीवरून आणलं, आई."

"स्कूटी तिठ्यावरूनच येती ना?" असं म्हणून ती मीठ-मिरच्या आणायला आत गेली.

मी रोबोट उचलला. चाकं हवेत फिरली, थांबली, पुन्हा फिरली. कोंबडी धरल्यावर तिचं अंग हाताला लागतं, तसं लागत होतं. फिरण्याचं काही नाही, मला ते थांबणं सोसेना. बिघडलेली मोटर एक तर चालत राहते, नाही तर बंद पडते. हा ऐकून घ्यायला थांबत होता. कोणी तरी सांगत होतं, आणि सांगणारा ओट्यावर नव्हता.

"उद्या पोरांत नको नेऊ याला," मी म्हणालो.

"नाना, उद्या नाही चालला तर हा गेलाच. छाटणी संपली की पोरंही जातील. त्यांनी केलेलं त्यांनी बघायचं कधी?" ती रडणारी बाई नाही, पण ओठ चावत होती. मग स्वतःशीच म्हणाली, "मी शेवटचं अक्षर डावीकडचं पाठवलं होतं. तेच कोणी तरी त्याला परत परत सांगतंय. कोण ते बघू."

तिनं झेंडू उचलून मोबाइलचा उजेड पाडला. "नाना, हे लाल काय?"

"पूजा."

तिनं पिनांजवळ डोळा नेला. मग बोट दाखवून सांगायला लागली. एक पिन बोलायची, शेजारची ऐकायची. ओल्या कुंकवानं दोन्ही जोडल्या गेल्या होत्या. "याचं तोंड याच्याच कानाला लागलंय. डावीकडं वळलो असं हा म्हणतो. तेच याला ऐकू येतं, आणि याला वाटतं मीच सांगितलं. म्हणून पुन्हा वळतो."

बायको मुठीत मिरच्या घेऊन दारात उभी होती. "म्हंजी सोताचंच ऐकणारे घरात आता दोन झाले म्हणायचे."

सून हसली. मला हसू आलं नाही. भूत असतं तर परवडलं असतं, भुताला उतारा टाकता येतो. इथं सगळी दुपार बोलणारं कोणी नव्हतं, आणि तरी तो इमानानं ऐकत होता.

सुनेनं बॅटरी काढली, कापसाला सॅनिटायझर लावून पिना पुसल्या, पंख्याखाली वाळवल्या. मग तार जोडून एक अक्षर पाठवलं. पडद्यावर एकच अक्षर माघारी आलं, स्वच्छ. रोबोट एकदा वळून उभा राहिला.

"पूजेनं बिघडलं म्हणू नको," मी म्हणालो. "जागा चुकली."

"बरं नाना. जागा चुकली."

बॅटरी काढून तिनं तो कपाटावर ठेवला. तरी दिवेलागणीपर्यंत मी दोनदा जाऊन त्याच्या चाकाला बोट लावून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या स्कूटीवर मागं बसलो. रोबोट मांडीवर, बॅटरी माझ्या सदऱ्याच्या खिशात. शाळेत साहेब खुर्चीवर, पोरं फरशीवर गोल करून बसलेली. एक पोरगी तर त्याच्यासमोर पालथी पडून बघत होती. मी दारातच उभा होतो, सुनेनं येऊन बॅटरी मागितली. मी लगेच दिली नाही. तिनं पुन्हा हात पुढं केला, तेव्हा दिली.

तिनं अक्षर पाठवलं. रोबोट डावीकडं वळला आणि थांबला. थांबूनच राहिला. पोरांनी टाळ्या पिटल्या, साहेब म्हणाले, "राहू द्या हा इथंच." मी पायताण काढून आत गेलो आणि पोरांच्या न् त्याच्या मधे फरशीवर बसलो. चाकांकडं तोंड करून.