जळजळ नाही, खाज

कॉलरबाईला राग यायला कारण लागत नाही, असं शिलाईच्या कारखान्यात सगळे म्हणायचे. साफ खोटं. कारण दर वेळी असायचं, लोकांना ते पटायचं नाही एवढंच. कापड तिरकं कापून पाठवणारा कटिंगमास्तर, बॉबिन रिकामी ठेवून घरी पळणारी शेजारीण, 'जरा हसून बोलत जा की' म्हणणारा सुपरवायझर, यातल्या कुणालाही तिने कधी सोडलं नाही. बावीस वर्षं ती शर्टाच्या कॉलरी शिवत होती. तिच्या कॉलरीची दोन टोकं एकमेकांवर ठेवा, सुतभर फरक दाखवा, ती नोकरी सोडेल. नव्या पोरी तिला बाई म्हणत, जुन्या कॉलरबाई म्हणत, आणि पाठ वळली की सगळ्या मिळून तोफ म्हणत.

एवढी मोठी तोफ, पण एका बाबतीत अकरा महिने तोंडाला कुलूप.

तिला खाज सुटत होती. पाठीला सुटली असती तर मापाची पट्टी घालून खाजवली असती आणि विषय संपला असता. ही सुटत होती मांड्यांच्या मध्ये, योनीच्या बाहेरच्या कातडीला. आपल्या बायकांकडे त्या जागेला नाव नाही, नुसते पत्ते आहेत: 'तिकडे', 'खाली', 'त्या जागी'. कातडी कोरडी ठक्क पडली होती. पाय फाकले की चरचरायची, लघवी केली की झोंबायची. आणि बाईचं काम कसलं? तर नऊ तास रेक्झिनच्या स्टुलावर बसून.

आता भर कारखान्यात कटिंगमास्तरला 'डोळे घरी विसरून आलात का' असं विचारणाऱ्या बाईला हा दोन अक्षरी शब्द का बोलता येऊ नये? कारण तो शब्द आपणच नासवून ठेवलाय. भांडण जुंपलं की 'फार खाज आलीय का तुला?' नवऱ्याने टाकलेली कुणी जरा नीटनेटकी राहिली की 'खाज आहे हो तिला.' कॉलरबाईने स्वतः ही वाक्यं कितीजणींच्या तोंडावर फेकली होती, त्याला मोजदाद नाही. मग एक्कावन्नाव्या वर्षी, पाळी जाऊन दोन वर्षं झाल्यावर, ती कुणाच्या पुढ्यात जाऊन सांगणार होती की मला खाज सुटते? त्यापेक्षा जीभ झडलेली बरी.

त्यात नशीब बघा. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, ही म्हण जणू तिच्या घरात बसून कुणी रचली होती. जावई डॉक्टर नव्हता, औषधांच्या दुकानात होता. दुकान कारखान्याच्या कोपऱ्यावर, आणि दुसरं दुकान पार पुलापलीकडे. जावई तसा गुणी. लांबून सासू दिसली तरी गिऱ्हाईक बाजूला ठेवून उठून उभा राहायचा, आणि नेमकं तेच तिला नको असायचं.

पहिल्यांदा गेली तेव्हा काउंटरवर हात ठेवून म्हणाली, "जळजळ होतेय फार."

"कधीपासून, आई?"

"झाले दोन महिने."

"तिखट कमी करा," जावई म्हणाला आणि त्याने पित्ताची गुलाबी बाटली दिली. जेवणानंतर दोन चमचे. तिने ती मुकाट्याने घेतली, घरी नेली, आणि एवढी चिडलेली असूनही आठ दिवस पिऊन पाहिली. फुकट जाऊ नये म्हणून! रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

दुसऱ्यांदा ती म्हणाली, उन्हाळी लागलीय. जावयाने लघवीच्या आगीची पुडी दिली आणि पाणी भरपूर प्यायला सांगितलं. पाणी भरपूर प्यायली म्हणजे भरपूर वेळा उठावं लागलं, आणि दर वेळी झोंबलं. सुपरवायझरचं डोकं फिरलं ते इथून.

या सुपरवायझरकडे उठबशीची वही होती. कोण कितीदा मशीन सोडून उठलं आणि का, ते तो त्यात लिहायचा. कॉलरबाईच्या नावापुढे तो 'पित्त' लिहीत होता, कारण तिनेच त्याला जळजळ सांगितली होती. एका सोमवारी तिच्या मशीनपाशी येऊन म्हणाला, "बाई, बावीस वर्षं बघतोय, मान देतो तुम्हाला. पण ही चुळबुळ बास झाली. महिनाअखेरपर्यंत एका जागी बसायला लागा. नाही जमलं तर धाग्यांच्या टेबलावर जा."

धाग्यांचं टेबल म्हणजे तयार शर्टाचे लोंबते धागे उभ्याने कापत राहायचं. तिथे कात्री लागते, हात लागत नाही. कॉलरबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हातारपणी मशीन जाणार, आणि तीही हात थकला म्हणून नाही, डोळे गेले म्हणून नाही, तर बसता येत नाही म्हणून! आणि का बसता येत नाही, ते सांगायची सोय नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

घरी जाऊन तिने सगळा राग त्या जागेवर काढला. तिच्या आईने एक शिकवण दिली होती, की असलं काही झालं तर घाण असते, धुतलं की जातं. म्हणून ही दिवसातून चार वेळा धुवायची. आधी वासाचा साबण, मग फरशी पुसायचं जंतुनाशक पाण्यात घालून. डोळ्यांतून पाणी यायचं, पण झोंबतंय म्हणजे काम करतंय, असा हिशोब. वरून रोज पॅड, वरून नायलॉनची घट्ट चड्डी. खाज दुप्पट झाली की ती पाच वेळा धुवायची.

तिसऱ्यांदा ती जावयाकडे गेली ती ठरवूनच. खाज हा शब्द तर उच्चारायचा, पण दुसऱ्याच्या अंगाला चिकटवून. म्हणाली, "ह्यांच्या पायाला नायटा झालाय. खाज सुटते भयंकर. चांगलं जालीम काहीतरी द्या."

जावयाने जालीम मलम दिलं. तिने ते लावलं. पहिले चार दिवस असा आराम पडला की तिने दोन गठ्ठे कॉलरी जास्त शिवल्या. मग कातडी पातळ झाली, लाल झाली, आणि एका सकाळी तिथे बारीक चीर पडून रक्त आलं.

त्याच दिवशी तिचा नवरा, साधा सरळ लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, कामावरून येताना दुकानावरून आला होता. चपला काढता काढता त्याने विचारलं, "जावईबापू विचारत होते, बाबा, पाय कसा आहे? मी म्हटलं, कुठला पाय? माझ्या पायाला काय झालंय गं?"

झालं, तोफ सुटली. "तुमच्या पायाला काय धाड भरलीय! मला होतंय! मला खाज सुटतेय अकरा महिने, तिकडे, खाली, आणि आज रक्त आलं! आता घाला बोटं कानात!"

एका पायातली चप्पल तशीच ठेवून नवरा वळला. मग म्हणाला, "मी म्हटलं, तू माझ्यावर रागावलीयस. म्हणून लांब झोपतेस." त्याने दुसरी चप्पल काढली. "अगं, मग डॉक्टरिणीकडे जायचं. माझा पाय कशाला मध्ये घालायचा?"

यावर ती आणखीच चिडली. पण दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून गेली.

डॉक्टरीण तरुण होती, सर्दीने घसा बसलेली. कॉलरबाई खुर्चीच्या कडेवर बसली आणि सवयीने म्हणाली, "जळजळ होते."

"छातीत?"

"नाही."

"लघवी करताना?"

"तेव्हाही होते."

"म्हणजे खाज सुटते का, योनीपाशी?" डॉक्टरिणीने कांद्याचा भाव विचारावा तसं विचारलं.

कॉलरबाईला रडू यायला हवं होतं. आला संताप. एवढंच होतं? एवढ्यासाठी तिने पित्ताची बाटली रिकामी केली?

डॉक्टरिणीने दिवा लावून नीट पाहिलं. कशाने धुता, किती वेळा, ते विचारलं. उत्तर ऐकून म्हणाली, "एवढी तर कुणी कढईसुद्धा घासत नाही हो, बाई!" मग समजावून सांगितलं. पाळी गेली की शरीरातलं एक द्रव्य कमी होतं, त्याने तिथली कातडी पातळ आणि कोरडी होते. हे हजार बायकांना होतं, यात घाण काही नाही. त्यावर साबण आणि जंतुनाशक ओतलं की उरलंसुरलं तेलही जातं. पॅड आणि नायलॉनने घाम कोंडतो, कातडी घासली जाते. आणि ते नायट्याचं मलम तिथल्या नाजूक कातडीसाठी नव्हतंच. "पांढरे चट्टे नाहीत, गाठ नाही. चट्टे असते तर वेगळं मलम द्यावं लागलं असतं, कदाचित कातडीचा बारीक तुकडा काढून तपासावा लागला असता. म्हणून अकरा महिने थांबायचं नसतं. रक्तातली साखरही तपासून घ्या, तिनेही खाज सुटते."

मग उपाय. साबण बंद, जंतुनाशक बंद, नुसतं कोमट पाणी, तेही दिवसातून एकदा. पुसायचं नाही, टिपायचं. चड्डी सुती आणि सैल, धुताना साबण पुरता निघेपर्यंत खळबळायची. बिनवासाची साधी पेट्रोलियम जेली हवी तेव्हा लावायची. आणि एक छोटं मलम, शरीरात कमी झालेलं तिथल्या तिथे थोडं भरून काढणारं. पंधरा दिवस रोज, मग आठवड्यातून दोनदा. तीन आठवड्यांनी परत दाखवायचं. शेवटी कारखान्यासाठी चिठ्ठी: रेक्झिनऐवजी सुती गादी, आणि दर तासाला पाच मिनिटं उठायची मुभा.

सकाळी तिने ती चिठ्ठी सुपरवायझरच्या टेबलावर ठेवली. त्याने वाचली, उलटून पाहिली. "कारण लिहिलं नाहीये यात. पित्ताला गादी कशाला?"

"पित्त नाही. खाज."

"कसली?"

"कातडीची. मांड्यांच्या मध्ये. पाळी गेल्यावर होते ती."

जवळच्या तीन मशीन थांबल्या. सुपरवायझरचे कान तांबडे झाले. "शूऽ! हळू, बाई! बायका ऐकतायत!"

"मग? बायकांनाच होते ती! तुम्हाला होणारेय का?"

त्याने घाईघाईने वही ओढली आणि 'वैयक्तिक कारण' असं लिहिलं. कॉलरबाईने वाचलं. "खोडा ते. इतके महिने खोटं कारण लिहिलंत, ते मी दिलं म्हणून. आता खरं देतेय तर खरं लिहा. उद्या तुमच्या जागी दुसरा येईल आणि वैयक्तिक म्हणून मला धाग्यांवर पाठवील."

"कसं लिहू हो असलं?"

"ख ला काना खा, ज. लिहा!"

त्याने लिहिलं. मशीन तिचीच राहिली, आणि चिठ्ठीवर त्याची सही घेऊन ती वळली. वळली तर समोर धाग्यांच्या टेबलावरची बाई उभी, हातात कात्री तशीच. पूर्वी ती बाह्या शिवायची, उत्तम शिवायची. सात वर्षांपूर्वी आपण होऊन मशीन सोडली होती, आणि सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं होतं.

"डॉक्टरीण किती वाजेपर्यंत असते गं?" तिने खालच्या आवाजात विचारलं.

कॉलरबाईला समजायला एक क्षण लागला. समजलं तशी ती फाटकन म्हणाली, "तुला पण? आणि म्हणून मशीन सोडलीस? सात वर्षं उभी राहिलीस, एका शब्दाने बोलली नाहीस मला?"

"एकदा बोलायला आले होते तुझ्याकडे," धागेवाली म्हणाली. "खाज शब्द तोंडातून निघाला, तर तू हसून म्हणालीस, या वयात? सगळ्याजणी हसल्या होत्या."

कॉलरबाईला ते आठवेना, आणि आपण असं बोललोच नसू असंही तिला म्हणता येईना. मागे मशीन पुन्हा सुरू झाल्या. तिने धागेवालीच्या हातातली कात्री काढून घेतली आणि टेबलावर ठेवली.

"सातपर्यंत असते," ती म्हणाली. "मी येते बरोबर."