वाकड्या सिंहावर आलेली हरकत

माझ्या मामाच्या खिशात कायम एक ओळंबा असतो. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं पितळी वजन; भिंत सरळ आहे की नाही ते गवंडी त्यावरून बघतात. मामा मात्र त्यावरून सगळं जग बघतो. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला की चहा येईपर्यंत त्यानं दाराची चौकट तपासलेली असते, आणि चहा पिता पिता ती किती कलली आहे ते तो घरच्यांना सांगतो. माझ्या लग्नात नवरदेव फोटोसाठी उभा राहिला, तेव्हा यानं एक डोळा मिटून लांबूनच ओळंबा धरला आणि "जावई डावीकडे झुकतोय" असं चारचौघांत जाहीर केलं. माझ्या नवऱ्यानं तो राग अजून सोडलेला नाही.

त्या वजनानं मामाचे खिसे फाटतात आणि मामी ते शिवते. "भिंती सरळ झाल्या, खिशांचं काय?" एवढंच ती विचारते, पण शिवते.

मामा चुन्यात काम करणारा गवंडी. सिमेंटचं नाव काढलं की त्याचं तोंड कडू होतं. बेचाळीस वर्षं त्यानं एकाच गल्लीतल्या अकरा जुन्या इमारती सांभाळल्या. कुठे गिलावा, कुठे कमान, कुठे गळका सज्जा. पैकी तिसऱ्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, तो स्वतः राहतो. खरं तर ते मामीचं माहेर. दुरुस्तीला आलेला गवंडी घरजावई होऊन बसला, ही गल्लीतली जुनी थट्टा आहे.

मामाला दोन व्यसनं. एक ओळंबा आणि दुसरं बोलणं. घरात चार माणसं जमली की तो सुरू होतो. "त्या जिन्याखाली काय आहे ठाऊक आहे का तुम्हाला?" हे वाक्य आलं की आम्ही भाचरं एकेक करून सटकायचो. कुणाला गॅसवरचं दूध आठवायचं, कुणाची शिकवणी निघायची. जिन्याखाली काय आहे ते आमच्यापैकी कुणालाही कळलं नाही. मलाही नाही, आणि याची मला पुढे फार लाज वाटली.

एवढ्या सरळ माणसाच्या आयुष्यात एकच वाकडी गोष्ट, आणि ती नेमकी त्याच्याच दारावर. इमारतीच्या मुख्य दाराच्या वर, दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांखाली, चुन्यात केलेली सिंहाची पाच तोंडं आहेत. चार एकाच साच्यातली, एकसारखी जांभई देणारी. मधलं एका वर्षी निखळून पडलं, तेव्हा सव्वीस वर्षांच्या मामानं तिथं नवीन केलं आणि ते वाकडं झालं. डावा डोळा खाली, जबडा एका अंगाला सरकलेला, दाढ दुखत असावी तसा. "परांची डळमळत होती," मामा सांगायचा. परांची म्हणजे भिंतीला लागून बांधतात तो बांबूचा माळा. "पुढच्या महिन्यात सरळ करतो." हा पुढचा महिना एक्केचाळीस वर्षं आला नाही. दुसऱ्यांची कामं आधी निघायची. मामा आपल्याच दारातून मान खाली घालून जायचा-यायचा.

मग मालकानं इमारत विकायचं ठरवलं. पाडून तिथं गाड्या ठेवायचा सहा मजली तळ होणार, सहा महिन्यांत जागा सोडा, अशी नोटीस भाडेकरूंना आली. मामीनं ती वाचली, घडी केली आणि डब्यांच्या फळीवर ठेवली. "मी या खोलीत जन्मले," ती म्हणाली, "मला इथून कुठे जायचं नाही." एरवी मामी हट्ट करत नाही. त्यामुळे मामा दुसऱ्या दिवसापासून ज्याला त्याला उपाय विचारत सुटला.

कुणीतरी सुचवलं की इमारत वारसा यादीत गेली तर तिला हात लावता येत नाही. अर्ज झाला आणि वारसा कार्यालयातून पाहणीला एक बाई आल्या. गळ्यात कॅमेरा, हातात वही. चार सिंह बघून त्यांनी नाक मुरडलं. "साच्यातले. असे शहरात शेकड्यानं आहेत." मग त्यांची नजर मधल्यावर गेली आणि त्या थबकल्या. पुढं गेल्या, मागं आल्या, रस्त्यापलीकडे जाऊन बघितलं.

"केवढं धाडस आहे यात," त्या म्हणाल्या. "चार तोंडं नियमातली, आणि हे एक नियम मोडणारं. कुणीतरी अज्ञात कलावंत. निदान दीडशे वर्षांपूर्वीचा."

मामा त्यांच्या शेजारीच उभा होता. त्यानं तोंड उघडलं. मामीनं त्याच्या पायावर पाय दिला आणि तो बाई जाईपर्यंत काढला नाही.

घरी आल्यावर मामा पिंजऱ्यात घातल्यासारखा येरझाऱ्या घालू लागला. "वाकड्या कामाला धाडस म्हणतात? आणि अज्ञात? मी तिथंच, दोन हातांच्या अंतरावर उभा होतो." नक्की कशाचा राग धरावा हेच त्याला कळेना. चुकीचं कौतुक झालं याचा, की ते कौतुक दुसऱ्याच्या नावावर गेलं याचा.

"त्या सिंहामुळे घर वाचत असेल तर तो दीडशे वर्षांचाच आहे," मामी म्हणाली. "तुम्ही सुनावणीत बोलायचं नाही."

"खोटं?"

"खोटं बोला असं कोण म्हणतंय? बोलूच नका."

वारसा समितीनं सुनावणीला सर्वांत जुन्या रहिवाशांना बोलावलं होतं, म्हणून मामाला नेणं भागच होतं. निघताना मामीनं त्याच्या तोंडात आल्याची एक कडक गोळी घातली. "ही विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही." खिशात आणखी पाच दिल्या, सुनावणी लांबली तर असाव्यात म्हणून. मामी आणि मी, दोघी सोबत होतो, लक्ष ठेवायला.

सुनावणीची खोली मोठी आणि कोंदट होती. मामानं बसल्या बसल्या ओळंबा काढून खिडकीला लावला. शिपायानं तो आत ठेवायला लावला. पाहणीच्या बाईंनी भिंतीवर सिंहाचा भलामोठा फोटो दाखवला आणि अहवाल वाचायला घेतला. इमारतीत बाकी विशेष काही नाही, पण हा एक सिंह तिला यादीत घालण्यासाठी पुरेसा आहे, असं त्यात होतं. "अज्ञात कलावंताच्या मनातलं बंड," त्यांनी वाचलं, "या तिरक्या डोळ्यातून..."

माझ्या शेजारी कडाकड आवाज झाला. मामानं गोळी चावली होती.

"अज्ञात नाही," तो उभा राहिला. "मी केलाय तो. एक्केचाळीस वर्षं झाली. आणि बंड वगैरे काही नाही. चुकलंय ते."

मी मामीकडे बघितलं. ती मामाकडे बघत नव्हती, मांडीवरच्या पिशवीकडे बघत होती. मला मामाचा असा संताप आला की तो ओळंबा खिडकीबाहेर भिरकावून द्यावा. इतकी वर्षं बडबडीनं दमवलं त्या तोंडानं, आणि आज घरही घालवलं.

बाईंचा चेहरा लाल झाला. "पुरावा काय?"

"हनुवटीखाली बघा. माझा अंगठा आहे. मी जिथं जिथं ठिगळ लावतो तिथं खाली अंगठा उमटवतो. पुढच्या गवंड्यानं माझं काम जुनं समजू नये म्हणून. आमचे उस्ताद तसंच करायचे. ते म्हणायचे, भिंतीला फसवायचं नाही."

बाईंनी एवढे फोटो काढले होते, पण हनुवटीखालचा एकही नव्हता.

मालकाच्या वकिलांना आनंद लपवता येईना. "म्हणजे यांनीच मान्य केलंय," ते समितीच्या अध्यक्षांना म्हणाले. "या इमारतीत जुनं काही उरलेलंच नाही. सगळी या गृहस्थांची ठिगळं."

इथं त्यांचं चुकलं. मामाला खोटारडा म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"कोण म्हणतं जुनं काही नाही?" मामा म्हणाला. "माझं कुठलं आणि जुनं कुठलं हे मला विचारा ना. त्या जिन्याखाली काय आहे ठाऊक आहे का तुम्हाला?"

मी सवयीनं दाराकडे बघितलं. पण समितीतल्या कुणाचंही दूध गॅसवर नव्हतं.

जिन्याखाली रंगाऱ्यांच्या भट्टीची कमान होती. इमारतीच्या आधी तिथं कापड रंगवायचे, आणि मागची भिंत त्या भट्टीची, चार हात जाड, अजून जागेवर. सातव्या इमारतीच्या तुळया मोडलेल्या जहाजाच्या होत्या, खिळ्यांची भोकं बोटांनी चाचपता येत होती. पाचवी आणि सहावी मिळून पूर्वी एकच होती, मधली भिंत दोन भावांच्या भांडणात उभी राहिली आणि म्हणून ती कुठल्याच पायावर बसत नाही. मामानं हे उस्तादांकडून ऐकलं होतं, उस्तादांनी त्यांच्या उस्तादांकडून. कुठे अंगठा आहे, कुठे नाही, कुठे त्याच्याही आधीच्या माणसाचा आहे, सगळं त्याला तोंडपाठ होतं. अध्यक्षांनी आधी दोनदा घड्याळ बघितलं, मग बघायचं सोडलं. कारकुनानं चौदा पानं भरली आणि शेजाऱ्याचं पेन मागून घेतलं. पाहणीच्या बाईही वही उघडून लिहीत होत्या. वकील मध्ये बोलायला गेले तर अध्यक्षच म्हणाले, "थांबा हो जरा, आठवी इमारत राहिलीये."

पाऊण तासानं मामा बसला आणि मामीला हळूच म्हणाला, "गोळी दे गं एक. घसा सुकलाय."

"तुमच्याच खिशात आहेत," मामी म्हणाली. पण तिनं त्याच्याकडे बघितलं.

समिती पुढचे तीन दिवस मामाच्या मागं मागं गल्लीत फिरली. त्यानं सांगितलेलं सगळं तपासून बघितलं आणि एकही गोष्ट खोटी निघाली नाही. दोन महिन्यांनी निर्णय आला. एक इमारत नाही, अकराच्या अकरा, अख्खी गल्लीच संरक्षित परिसर झाली. गाड्यांचा तळ बारगळला. मामीनं फळीवरची नोटीस काढली आणि तिच्यावर लसूण सोलला.

निर्णयासोबत लांबलचक यादी होती. सत्तेचाळिसाव्या क्रमांकावर लिहिलं होतं: मधला सिंह, स्थानिक गवंड्याने केलेली दुरुस्ती, अंगठ्याच्या ठशासह. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत: यादीतील कोणत्याही गोष्टीत परवानगीशिवाय बदल करू नये.

मामानं ते तीनदा वाचलं. "म्हणजे मी माझी चूकसुद्धा सुधारायची नाही?"

त्यानं रीतसर अर्ज केला, मलाच लिहायला बसवून. सदर सिंह मी स्वतः चुकीचा केला असून तो सरळ करण्याची परवानगी मिळावी. कारण म्हणून "परांची डळमळत होती" हेही घालायला लावलं. कार्यालयानं नियमाप्रमाणे महिनाभर लोकांच्या हरकती मागवल्या. मामा निर्धास्त होता. वाकडा सिंह सरळ करायला कोण हरकत घेणार?

महिन्यानंतर उत्तर आलं. अर्ज नामंजूर. एक हरकत आली होती, तिची प्रत सोबत जोडली होती. चष्मा सापडेना म्हणून मामानं कागद माझ्याकडे दिला. मी मोठ्यानं वाचायला लागले, आणि दुसऱ्या ओळीला अक्षर ओळखू आलं. मामी ओट्यापाशी पाठ करून भांडी पुसत होती.

"महोदय, माझी हरकत आहे. अर्जदारांनी दिलेलं कारण खरं नाही. परांची चांगली भक्कम होती. त्या दिवशी माझ्या टोपलीची दोरी तुटली. खिडकीतून टोपली सोडून मी खालून भाजी घ्यायची. अर्जदार माझ्या खिडकीसमोर परांचीवर होते. त्यांनी ओळंब्याची दोरी सोडून मला दिली आणि सिंह नुसत्या नजरेनं केला. नजरही सिंहावर नव्हती. मी ती दोरी परत केली नाही आणि त्यांनी मागितली नाही. ती अजून टोपलीला आहे. सिंह आहे तसाच राहावा, ही विनंती."

खाली मामीची सही होती, तारखेसह.

मामा उठून खिडकीपाशी गेला. टोपली तिथं खिळ्याला टांगलेली होती, दोरी काळी पडलेली, तीन ठिकाणी गाठी मारलेली. ही दोरी बदल म्हणून आम्ही सगळ्यांनी मामीच्या किती वर्षं मागं लागावं, आणि तिनं ऐकू नये. मामानं दोरी बोटांत धरून बघितली.

"ही गाठ सैल झालीये," तो म्हणाला. "नीट बांधून देतो."

मामीनं मागं वळूनही बघितलं नाही.

"हात लावू नका," ती म्हणाली. "आधी अर्ज करा."